गुरुवारची चाचणी

"आले, आले! दार लोट ते," चिहाया दबक्या आवाजात म्हणाली. शेजारच्या खोलीचं दार लागलं.

कुरामोचीसान दर गुरुवारी दहाच्या ठोक्याला जपानातल्या इबाराकीच्या भूकेंद्रावर, म्हणजे जमिनीवरून उपग्रहाशी बोलणाऱ्या केंद्रावर, येत. वय अठ्ठ्याहत्तर. संदेशवहन उपग्रह वर धड चालतोय का, हे तपासणारी पेटी त्यांनी निवृत्तीआधी घडवली होती. ती उपग्रहाच्या पोटात बसून आकाशात गेली. खालून हाक द्यायची, पेटीने उत्तर धाडायचं, की पडद्यावर हिरवी रेघ.

पण चार महिन्यांपूर्वी उपग्रह कायमचा गप्प झाला. केंद्रात काम करणाऱ्या चिहायाने कळवायला फोन केला, तो त्यांच्या बायकोने, फुमिएसाननी उचलला. "त्यांना नको गं सांगूस, पोरी. हाय खातील. त्या पेटीवर पोटच्या लेकरासारखा जीव आहे त्यांचा."

चिहायाला नाही म्हणवेना. त्या पेटीची एक हुबेहूब जुळी केंद्रात पडून होती. ती तिने शेजारच्या खोलीत बसवली आणि तिथून इथल्या बटणाला नि पडद्याला तार जोडली. तेव्हापासून दर गुरुवारी सगळं केंद्र नाटक वठवत होतं. असल्या खोट्याकडे देवही कानाडोळा करत असावा.

कुरामोचीसाननी वाळवलेल्या रताळ्यांची पुडी टेबलावर ठेवली. "तुमच्या काकूने दिलीत. तुम्ही पोरं चहावरच जगता म्हणे."

मग त्यांनी बटण दाबलं. हिरवी रेघ उमटली.

"ठणठणीत आहे की!" चिहाया म्हणाली.

"आहे खरी. माझे गुडघे गेले, ही अजून उभी."

सगळे जरा जास्तच मोठ्यांदा हसले. चिहायाला त्यांच्या नजरेला नजर देववेना. ती त्यांना सोडायला फाटकापर्यंत गेली.

"चिहाया, हाक वर जाऊन उत्तर खाली यायला किती वेळ लागतो गं?"

"पाव सेकंद," ती पाठ असल्यासारखी बोलून गेली आणि जागीच थबकली. शेजारच्या खोलीतून उत्तर तत्क्षणी येतं, हे तार जोडताना कुणालाच सुचलं नव्हतं.

"पुढच्या गुरुवारी तेवढा उशीर घाल त्यात. तुमची काकू येणार आहे बरोबर. चाळीस वर्षं माझं हेच पुराण ऐकलंय तिने, रेघ लगेच उमटली तर मला कळलंय हे ती ओळखेल."

चिहायाने त्यांच्यासाठी फाटक उघडून धरलं.

"चार महिने ती बिनघोर झोपतेय, पोरी," ते म्हणाले. "तिला नको सांगूस."