केशवरावांचं आळं

केशवराव संत्र्याच्या दोन झाडांमध्ये प्लॅस्टिकची खुर्ची टाकून उघडे बसले होते. तिथलं झाड मागच्या उन्हाळ्यात वाळलं होतं, जागा रिकामीच होती. खुर्चीभोवती सालदार गुणवंतानं गोल, खोल आळं खोदून दिलं होतं, बाकीच्या झाडांना असतं तसंच. पोट उन्हात, पाय आळ्यात. पोट एवढं मोठं होतं, की पायांपर्यंत ऊन पोचतच नव्हतं.

भैय्याजी व्यापारी पांढुर्ण्याहून येणाऱ्या बहाराचा आगाऊ सौदा करायला आले होते. ओळीनं झाडं पाहत पाहत ते या आळ्यापाशी आले आणि थबकले.

"रामराम केशवराव. हे काय करून राहिले जी?"

"ताण देऊन राहिलो."

"ताण त झाडाले देतेत."

"मंग? झाडाले जमते, मले काहून नाही जमणार?"

इकडे आंबिया बहार घ्यायचा तर थंडीत झाडाचं पाणी तोडतात, मुळांजवळची माती उकरून तिला ऊन खाऊ घालतात; हाच ताण. झाड पानं गाळतं, मेल्यासारखं दिसतं. मग पाणी सोडलं की फुलांनी भरून येतं. केशवरावांनी जन्मभर हेच केलं होतं. त्यामुळं डॉक्टर जेव्हा म्हणाला, "पोटावर एवढी चरबी असली की अंगात सूज धरते, ती मेंदूपर्यंत जाऊन विसरायलाही होऊ शकतं, आणि तुमचं डी व्हिटॅमिन तर पार तळाला गेलंय, उन्हात बसा, खाणं कमी करा," तेव्हा केशवरावांना त्यात नवीन काही वाटलं नाही. डॉक्टरला बागायती कळते, एवढंच वाटलं. पाणी तोडायचं डॉक्टर बोलला नव्हता. ते केशवरावांनी अनुभवानं आपल्या पदरचं घातलं.

"अन् बहार कायचा येणार जी तुमाले?" भैय्याजींनी हसत विचारलं.

केशवराव हसले नाहीत.

"वच्छलेचा आवाज आठवून नाही राहिला," ते बायकोचं नाव घेऊन म्हणाले. "तिले जाऊन दुसरी दिवाळी झाली. तोंड आठवते, हात आठवतेत. फोटो त घरभर हायेत. आवाजच नाही. फोन आला का माह्या हातात कोंबे अन् सैपाकखोलीत पळे. त्याच्यानं मोबाइलमंधीबी कुठं नाही ती."

भैय्याजींनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"डॉक्टरले इचारलं मी. म्हटलं, गेलेलं वापस येते का? त थो म्हणे, पाहू."

'पाहू'चा अर्थ भैय्याजींना चांगला माहीत होता. सौद्यात ते रोज तोच शब्द वापरत.

गुणवंता तांब्या घेऊन आला. "मालक, घोटभर त घ्या. ओठ पांढरे पडून राहिले तुमचे."

"झाड मागते का पाणी?"

"झाडाले तोंड नाही मालक. असतं त तुमाले शिव्या देल्या असत्या त्यानं."

"ने थो तांब्या."

तेवढ्यात विहिरीवरची मोटर घुरघुरली. लाइट आली होती. बागेचा ताण पुरा झाला, आज पाणी सोड, असं सकाळी केशवरावांनीच गुणवंताला सांगितलं होतं आणि आळ्यात येऊन बसेस्तोवर ते विसरलेही होते. गुणवंता विसरला नव्हता. त्यानं मोटर ऑटोवर टाकून ठेवली होती. फक्त एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती. आळं खोदायची त्याला एकच रीत माहीत होती, पाटाचं पाणी आत यायला तोंड ठेवून. मालकाच्या आळ्यालाही त्यानं मन लावून तसंच तोंड ठेवलं होतं.

पाणी एकेक झाड भरत आलं आणि वळून मालकाच्या आळ्यात शिरलं. उकरलेल्या मातीत खुर्चीचे मागचे पाय बसले, पुढचे उचलले गेले, आणि केशवराव खुर्चीसकट मागं कलंडून चिखलात बसले. पाणी बेंबीपर्यंत आलं.

गुणवंताला शिवी द्यायला त्यांनी तोंड उघडलं. पण तोंडातून बारीक, चढा सूर निघाला,

"म्हशीवानी काय बसले जी पाण्यात? उठता, का तिथंच चारा आणून टाकू?"

गुणवंताच्या हातातला तांब्या खाली पडला.

"मालक, हे त बाई बोलल्या. तुमी टाक्यापाशी आंघोळीले बसले का असंच म्हणत होत्या."

केशवराव तसेच बसून राहिले. मग त्यांनी तेच पुन्हा म्हणून पाहिलं. पुन्हा एकदा म्हटलं. दोन्ही वेळा आवाज जाडाच निघाला.

"नाही. हे माहं झालं," ते म्हणाले. "तू म्हण."

"मी?"

"तूनंबी ऐकलं ना. म्हण."

"मालकाले म्हैस कसं म्हणू जी? हे व्यापारी उभे हायेत."

"हओ, म्हण बाबा," भैय्याजी हळूच म्हणाले. "मी तिकडं पायतो." आणि त्यांनी खरंच तोंड फिरवलं.

गुणवंता कसाबसा पुटपुटला.

"असं नाही रे. उंच लाव. 'जी' लांब वढे ती."

गुणवंतानं इकडंतिकडं पाहिलं. खांद्यावरचा दुपट्टा डोक्यावरून पदरासारखा पुढं ओढला, एक हात कमरेवर ठेवला, आणि मिशीखालून बारीक आवाज काढून मालकाला खडसावलं. 'जी' पार शेवटच्या झाडापर्यंत गेला.

केशवरावांनी डोळे मिटून घेतले.

"उठतो ना वो," ते म्हणाले, आणि उठले नाहीत.