शंभर किलोमीटर

चार वर्षांनी मुलगा गॅरेजात आला, तोही नव्या रुंद रिम बसवायला. चाकं आत घासत होती. मी मध्ये स्पेसरच्या बोटभर जाड चकत्या घालून चाकं बाहेर सरकवली, एकेक नट आवळला. घर वरच्याच मजल्यावर. पण साहेब पायरी चढले नाहीत, आईला खालूनच हात केला. गरज सरो, वैद्य मरो. पण वैद्यही कमी नव्हता. "शंभर किलोमीटर झाले की नट पुन्हा आवळावे लागतात. इथंच आण," मी बजावलं. पन्नासलाही चाललं असतं. पण त्याचं घर पन्नास किलोमीटरवर, म्हणजे जाऊन आलं की शंभर. रविवारी त्याचा फोन आला. "बाबा, इथल्याच एकाकडून आवळून घेतले नट. तुम्हाला कशाला त्रास?" मी हातातला पाना खिळ्याला अडकवला. जिन्यातून बायकोने विचारलं, "काय म्हणाला? कधी येतोय?" "नट घट्ट आहेत."