हात धुऊन या

“बाळाला घ्यायचंय ना? आधी हात धुऊन या,” कुंदा सिस्टर म्हणाल्या.

श्रीरंग बेसिनशी गेला. जन्मतःच अंगावर चढवलेला जंतुनाशक लेप महिन्याभरापूर्वी सगळ्यांचाच निकामी झाला होता. त्या लेपाच्या भरवशावर दोन पिढ्यांनी साबण पाहिलाच नव्हता. हात धुणं उरलं होतं ते जेवल्यावर ताटात, केवळ रीत म्हणून. श्रीरंगने तसंच उजव्या हाताच्या बोटांवर पाणी सोडलं आणि ती नीट पुसली.

“धुतले, सिस्टर.”

सिस्टरनी बघून मान डोलावली. सकाळी त्याही तसेच हात धुऊन आल्या होत्या.

अपुऱ्या दिवसांचं बाळ कुशीत येताच रडू लागलं. श्रीरंगने डाव्या हाताचं बोट त्याच्या तोंडात दिलं. ते चोखत बाळ शांत झालं.