तपासणीपुरती दांडी

कलसोमनं गाडी स्वतःच लिओंगच्या गॅरेजात आणली. स्टिअरिंगखालची दांडी तिनं तळहातानं पुढे ढकलली, तशी गाडी भिंतीपासून वीतभर अंतरावर अलगद थांबली. शेजारी बसलेल्या भाच्यानं, शाहरिलनं, खिडकीवरची मूठ सोडली.

"पास?" लिओंगनं हात पुसत विचारलं.

"नापास कोण करणार मला? तपासणीला रोस्लानचा धाकटा होता. लहानपणी माझ्या शाळेच्या व्हॅनमध्ये रोज ओकायचा. आज साहेब होऊन म्हणतो, मक चिक, मावशी, सावकाश वळवा. मी म्हटलं, तुला तेव्हा झेपलं नाही, आता तरी घट्ट धरून बस."

लिओंग खो खो हसला.

गुडघ्याखाली तिचे दोन्ही पाय नव्हते. साखरेनं दोन वर्षांत एकामागून एक नेले. तीन आठवडे रोज सकाळी, फुटबॉलच्या रिकाम्या मैदानात, ती ही दांडी शिकली होती. ढकलली की ब्रेक, ओढली की वेग. येत्या शुक्रवारी ती क्वाला कांग्सारला जाणार होती. एकटी. नदीकाठची लाक्सावाली शेवयांच्या आंबट रश्शाचं वाडगं गाडीपाशीच आणून देते. ते खायचं, पाण्याकडे बघत बसायचं आणि मनात आलं की परत फिरायचं. कुणाच्या घड्याळाकडे बघायचं नाही.

"मग उतरा, मक चिक," लिओंग म्हणाला. "दहा मिनिटांत काढून टाकतो."

"काय काढतोस?"

लिओंगनं शाहरिलकडे बघितलं. शाहरिल चष्मा पुसू लागला.

"दांडी," लिओंग म्हणाला. "तुम्हाला सांगितलं नाही यांनी? ती माझी आहे. तपासणीपुरती देतो. शिक्का बसला की काढायची. तुमच्या आधी अकरा गाड्यांना लावलीय."

इंजिन चालूच होतं. कलसोमचा हात दांडीवर होता.

"गाडी तुमच्याच नावावर आहे, मक लोंग," शाहरिल म्हणाला. घरातल्या या थोरल्या आत्याला सगळे तसंच म्हणत. "अपंगांना कर माफ, म्हणून तर एवढी चांगली घेता आली. आणि कुठे जायचं असेल तर मी आहे ना. सांगा फक्त."

"शुक्रवारी नेशील?"

"या शुक्रवारी नाही जमणार."

"मग राहू दे की ती. तुझं काय खाते?"

"माझा गुडघा आपटतो हो तिच्यावर."

"गुडघा," कलसोम म्हणाली.

शाहरिलचा चेहरा पडला. "तसं नव्हतं म्हणायचं मला."

"नाही, बरोबर आहे तुझं. ज्याला आहे त्यालाच आपटणार."

आरशात गॅरेजचं उघडं फाटक दिसत होतं, त्यापलीकडे रस्ता. रिव्हर्स टाकून दांडी जराशी ओढणं पुरलं असतं. पण रोज सकाळी तिला उचलून आंघोळीला बसवणारी शाहरिलची बायको होती, आणि तिनं आजवर कधी कपाळाला आठी घातली नव्हती.

कलसोमनं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

शाहरिलनं चाकाची खुर्ची दाराशी आणली. मदतीला हात पुढे केला, तो तिनं घेतला नाही. लिओंग स्टिअरिंगखाली आडवा झाला. चार बोल्ट. दांडी बाहेर आली तेव्हा उजेडात दिसलं, तळहात टेकतो तिथला रंग पार उडालेला होता. तीन आठवडे तिला वाटत होतं, तो तिच्या हातानं उडाला.

लिओंगनं दांडी खाली ठेवली नाही. तशीच घेऊन तो पत्र्याच्या आडोशापलीकडे गेला. कलसोमनं खुर्चीची चाकं फिरवली आणि त्याच्या मागोमाग गेली.

तिथे एक पांढरी गाडी उभी होती. लिओंग तिच्या स्टिअरिंगखाली शिरला. मागच्या सीटवर एक म्हातारा बसला होता. कपाळावर भस्माचे पट्टे, शर्टाला कडक इस्त्री, मांडीवर अपंगांचं नवंकोरं ओळखपत्र. त्याचा मुलगा बाहेर फोनवर बोलत होता.

"अम्मा," म्हाताऱ्यानं खिडकीतून हाक मारली, "मघाशी गाडी चालवत आत आलात त्या तुम्हीच ना? मी बघितलं. काय सुरेख वळवलीत! माझा पोरगा म्हणतो, अप्पा, आता तुमची तुम्ही चालवा. अवघड असतं का हो?"

मुलानं फोन कानाशी तसाच ठेवला आणि पाठ फिरवली. स्टिअरिंगखालचा पाना थांबला.

कलसोमनं म्हाताऱ्याकडे बघितलं. मग त्या पाठीकडे.

"पास होण्यापुरतं शिका," ती म्हणाली. "त्याहून चांगलं नका शिकू."

म्हाताऱ्याला ती थट्टा वाटली. तो मनापासून हसला.

"असं कसं, अम्मा?" तो म्हणाला आणि पुढच्या दोन सीटांच्या मधून वाकून लिओंगचे हात बघू लागला. "मी तर पहिल्या बोल्टापासून नीट बघून ठेवतोय. उद्या रस्त्यात ढिला झाला, तर माझा मला आवळता यायला नको?"