भुंगीचा सूर

आमच्या जुन्या गाडीतला बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर खराब होऊ लागला, तसा इंजिनातून घूंऽऽ असा बारीक, लांबलचक आवाज यायला लागला. मागच्या सीटवर बसून आमची लेक त्या आवाजात आपला सूर मिसळायची. म्हणून आम्ही तिला भुंगी म्हणायचो.

मग भुंगी तापाने गेली, आणि बायकोला तो आवाज सोसेना. "तेवढा बंद करून आणा हो," ती म्हणायची. मी आज-उद्या करत राहिलो. शेवटी बॅटरीनंच मान टाकली.

गॅरेजमधल्या मिस्त्रींनी नवा अल्टरनेटर बसवला आणि इंजिन चालू केलं. आवाज होताच.

त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक अल्टरनेटरवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. डॉक्टर छाती तपासतात तशी ते गाडी तपासतात.

"हा तर गप्प आहे," ते म्हणाले.

मग एकेक भाग ऐकत ते मागे सरकत गेले. मागच्या सीटपाशी बराच वेळ वाकून उभे राहिले.

"इथं कोण बसतं, साहेब?"

"मुलगी बसायची."

त्यांनी स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला. मी टोक सीटवर ठेवलं, मूठ कानाला लावली. तोच सूर होता.

"इंजिन बंद करून बघतो," मिस्त्री म्हणाले. मी नको म्हणायच्या आत त्यांनी किल्ली फिरवली.

सूर थांबला. कानाशी कुणीतरी हळूच श्वास भरून घेतला, आणि तो पुन्हा लागला.