शंभरावी चढाई

तासाभरात ऊन पडलं, पाऊस झोडपून गेला आणि आता धुक्यात नाकापुढचं दिसेना. "पोचलो रे!" दबडघावसर गरजले. त्यांच्या शंभराव्या चढाईसाठी ट्रेकिंग क्लबने त्यांच्याच फोटोचा फ्लेक्स छापला होता. शिष्यांनी तो हाताला लागलेल्या दोन खांबांना ताणून बांधला आणि सरांनी सह्याद्रीवर भाषण ठोकलं.

तेवढ्यात धुकं फाटलं. डोंगराचा माथा होता पार पलीकडे. सर उभे होते कुणाच्या तरी नाचणीच्या वावरात, आणि बांधावर विळा घेतलेली म्हातारी कधीची ऐकत होती.

ओशाळलेले सर फ्लेक्स सोडू लागले.

"ऱ्हाऊ द्या की," म्हातारी म्हणाली. "रोज रानडुकरं येत्यात. असलं थोबाड बघून फिरकायची न्हाईत."

सरांनी फोटोकडे एकदा नीट पाहिलं आणि सुटलेली गाठ पुन्हा आवळली.