पाच डिस्कचं मशीन

बाबा गेले, त्याच्या आदल्या दुपारी ते पेणच्या दुकानात आठ डिस्क मांडून बसले होते. रोह्याच्या कॉलेजसाठी ते आणि त्यांची लेक लतिका प्रॉक्सी कॅश उभारत होती. एकाने उघडलेलं इंटरनेटवरचं पान जपून ठेवायचं, पुढच्याला लगेच द्यायचं. "आठही लाव गो!" "डिस्कवरच्या प्रत्येक पानाचा पत्ता मेमरीत ठेवावा लागतो, बाबा. पत्त्यांनीच मेमरी भरली, तर मशीन रांगत बसेल." बाबांनी हिरमुसून तीन डिस्क बाजूला केल्या. "पुण्याच्या कंपनीत असतीस, तर हवी तेवढी मेमरी मिळाली असती. माझ्यापायी अडकलीस." लतिका हसून स्क्रू आवळत राहिली. पहाटे झोपेतच बाबा गेले. तेराव्यानंतर तिने कॉलेजात पाच डिस्कचं मशीन सुरू केलं. लॅबभर पानं झरझर उघडली, मेमरीही पुरून उरली. समाधानाने खुर्चीत टेकून ती मोठ्याने म्हणाली, "अडकले नव्हते, बाबा. मला तुमच्याबरोबरच काम करायचं होतं."